चार दिवसांचं कोबे

माझ्या वडिलांना कोबे पाहायचं होतं, म्हणून माझं लग्न झालं. हे मी कुणाला सांगितलं की समोरचं माणूस आधी हसतं आणि मग विचारतं, कोबे कुठं आलं, धुळ्याच्या पलीकडे का? पलीकडेच. जपानातलं समुद्रकाठचं शहर आहे ते. नंदुरबारहून सुरतेपर्यंत आगगाडी, सुरतेहून मुंबई आणि मुंबईहून पुढे जवळजवळ महिनाभर बोट. वडिलांना तिथं चार दिवस राहायचं होतं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. तापीकाठी आमची काळी जमीन होती, कापूस बरा पिकायचा आणि हंगामात आमच्या गाड्या नंदुरबारच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जायच्या. तिथं एका वर्षी एक जपानी खरेदीदार आला. आप्पा सांगायचे की बुटका, नीटनेटका, भर उन्हात काळा कोट घातलेला माणूस होता. त्यानं आप्पांच्या गाडीतला कापूस चिमटीत धरून ओढून पाहिला, मान हलवली आणि दुभाष्याकडून सांगितलं की हा माल कोबेला जाईल. वर आप्पांच्या हातात पोस्टकार्डाएवढ्या सहा रंगीत चित्रांचं पाकीट ठेवलं आणि म्हणाला, कधीतरी या आमच्याकडे, शहर पाहा. आता हे तो प्रत्येक जिनात प्रत्येक गाडीवाल्याला म्हणत असणार. पण आप्पांना कुणी ‘या’ म्हटलं की ते जात. बोलावणं आलं आणि आपण गेलो नाही, हा त्यांच्या लेखी बोलावणाऱ्याचा अपमान होता.

चित्रांत एक बंदर होतं, एक डोंगर, एक धबधबा, एक देऊळ, कंदिलासारख्या दिव्यांची एक बाजारपेठ आणि समुद्रकाठी वाकलेली झाडं. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली की आप्पा पाकीट बाहेर काढत. चित्र हातात घेण्याआधी हात धोतराला पुसायचा, असा नियम होता. कुणी विचारलं, की आप्पा, इतक्या लांब कशाला, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

“मन्हा कापूस दर साल जास. मी एक डाव बी नही जावानं का?”

स्वतः पिकवलेला कापूस जग पाहतो आणि मालक गावात बसतो, हे ऐकायला खरंच वाईट वाटायचं.

आप्पांनी जन्मात एकच मोठा प्रवास केला होता, तो म्हणजे शिवरात्रीला तोरणमाळची यात्रा. त्यामुळे कोबेचा बेतही त्याच मापावर बेतला गेला. मी मराठी चौथी झालेली, घरात लिहिणारी एकटी. तेव्हा वही माझ्याकडे होती. ज्वारीचं पीठ, उडदाची डाळ, लसणाची चटणी, मिरच्या, तवा, परात, आणि चुलीसाठी तीन दगड. तोरणमाळला दगड वाटेल तेवढे मिळतात, पण जपान हा बेटांचा देश, तिथं सगळी वाळूच असली तर काय, अशी शंका माझ्या काकांनी काढली. आप्पांना ती पटली. मी लिहिलं, दगड तीन, सारख्या उंचीचे.

दिवसही वाटून झाले. पहिल्या दिवशी बंदर, दुसऱ्या दिवशी डोंगर आणि धबधबा, कारण तोरणमाळला ते एकाच दिवशी होतं. तिसऱ्या दिवशी देऊळ, चौथ्या दिवशी बाजार आणि समुद्रकाठची झाडं. कापूस विकून झाल्यावर निघायचं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत परतायचं, कारण आखाजीला लेकी माहेरी येणार आणि तेव्हा बाप घरात नसला तर कसं दिसेल. चार दिवसांच्या पाहण्यासाठी दोन महिन्यांचं जाणं-येणं, म्हणजे नमनालाच घडाभर तेल. पण हे आप्पांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ती वही लिहिताना फार मजा यायची.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कोबेला उतरायचं कुणाकडे?

आमच्याकडे सोयरा नसलेल्या गावाला माणूस जात नाही. कोर्टाच्या तारखेला धुळ्याला जायचं असलं तरी आधी सोयऱ्याचं घर, मग कोर्ट. धर्मशाळा ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी आणि डाकबंगला साहेबलोकांसाठी. सोय जाणे तो सोयरा, असं आपण म्हणतो. आमच्याकडे सोयरा नसेल तर ते गाव पाहण्यात कुणाला रसच नसे. म्हणून आप्पांनी आधी सोयऱ्याचा शोध सुरू केला. शहाद्याला, तळोद्याला, प्रकाशा गावच्या जत्रेत, जो भेटेल त्याला ते विचारत, “कोबेमा आपलं कोनी शे का?” पहिले काही महिने लोकांना वाटलं, की आप्पांना काहीतरी झालं आहे.

आणि कुणीतरी निघालं. खापर गावच्या बाजारात आमच्याच जातीचे एक गृहस्थ भेटले. त्यांचा धाकटा मुलगा मुंबईच्या कापूसबाजारात कामाला लागला होता आणि तिथून एका गुजराती शेटजींबरोबर कोबेला गेला होता, कापसाची प्रत पारखायला. आप्पा घरी आले ते हसतच. पण जेवता जेवता त्यांचं हसू मावळलं. माणूस जातीचा होता, सोयरा नव्हता. नुसत्या जातीवर माणूस एक वेळ जेवेल, चार दिवस कसा राहील?

माय म्हणाली, की मग आता काय? आप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चुलीपुढे भाकऱ्या थापत होते.

लोकांना वाटतं, मला तेव्हाच राग आला असेल. नाही आला. वर्षभर वहीत मी जे शहर लिहीत होते, तिथं मी जाणार होते, आणि बापही येणार होता. मला चोरून आनंदच झाला. लेक इतकी लांब द्यायची म्हणून माय मात्र उखडली.

“इतली दूर आंडेर देवानी का?” ती म्हणाली.

“दूर कसानी? आपू तं जाईच ऱ्हायनूत ना,” आप्पा म्हणाले.

हा मुद्दा त्यांनी सोयरिकीच्या सगळ्या बोलण्यांत वापरला. मुलगी तिथं आहे म्हणून आपण जाणार, आणि आपण जाणार म्हणून मुलगी लांब नाही. मी त्यावर पुढे पुष्कळ विचार केला आहे. पण तेव्हा तो सगळ्यांना, मलाही, चोख वाटला होता.

नवरा रजा घेऊन आला, लग्न लागलं. माणूस चांगला निघाला, कमी बोलणारा, हाताला कापसाचा वास असलेला. यात आप्पांचं कर्तृत्व काही नव्हतं, त्यांनी त्याच्याबद्दल एकच गोष्ट नीट विचारली होती, ती म्हणजे घरात किती खोल्या आहेत. बेत असा ठरला की आप्पांनी आमच्याबरोबरच निघायचं, मला पोचवायचं, चार दिवस शहर पाहायचं आणि परतायचं.

निघायच्या आठ दिवस आधी व्याही आले होते. ओट्यावर बैठक बसली आणि आप्पांनी मला वही वाचायला लावली. मी सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेऊन ज्वारीच्या पिठापासून सुरुवात केली आणि दगडांपर्यंत आले. दाराआड आमची फुई बसली होती, म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहिलेली, आणि घरात रीतभात काय ते तिला विचारायचं. माझं वाचून झालं तशी ती आतूनच म्हणाली, “भाऊ, तू तठे पाणी पिशी का?”



आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी आईबाप घेत नाहीत. माझी मोठी बहीण चार कोसांवर दिलेली. आप्पा तिला भेटायला जायचे तेव्हा घरून पाण्याची तुंबडी नेत, तिच्या ओट्यावर बसून तेच पाणी पीत आणि जेवणाच्या आत परत फिरत. ही रीत आप्पांना कुणी सांगायला हवी होती असं नाही. ती त्यांनी आयुष्यभर पाळली होती. पण दीड वर्ष सगळं घर सोयरा शोधत होतं, आणि शोधलेला सोयरा जावई असणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला भाऊ असता आणि त्यांच्याकडची मुलगी आमच्याकडे केली असती, तर आप्पा वरबाप म्हणून कोबेला चार दिवस तूप खात बसले असते. आम्ही पडलो दोघी बहिणी. जगात जितक्या प्रकारचे सोयरे असतात, त्यांतला नेमका एकच आप्पांच्या उपयोगाचा नव्हता, आणि तोच त्यांनी केला होता.

मग आठ दिवस नुसता खल चालला. गावच्या भटजींना विचारलं, की ही रीत समुद्रापलीकडे लागू आहे का. ते म्हणाले, समुद्रापलीकडे जाणंच शास्त्राला मान्य नाही, तेव्हा तिथं पाणी प्यावं की नाही हा प्रश्न शास्त्रानं घेतलेला नाही. काका म्हणाले, तापीचं पाणी घागरींत भरून न्यावं. बोटीवर बोटीचं पाणी चालेल, बोट काही लेकीची नाही. घागरी फक्त कोबेच्या चार दिवसांसाठी. फुईनं विचारलं, आणि चूल? आप्पा म्हणाले, दगड आपले, पीठ आपलं, चूल बाहेर मांडू. तेव्हा माझा नवरा पहिल्यांदा बोलला. घराला अंगण नाही, खाली कापसाचं गोदाम आहे आणि वर दोन खोल्या, बाहेर रस्ता. रस्त्यावर चूल पेटवली तर पोलीस नेतील, आणि गोदामाजवळ पेटवली तर शेटजी नेतील. माझे सासरे आधीच लाल झाले होते. माझा व्याही परमुलखात माझ्या मुलाच्या दारात रस्त्यावर भाकऱ्या भाजणार, हे चार लोकांत सांगायचं कसं, असं ते म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हती.

शेवटी आप्पांनी वही मिटली. नंदुरबारच्या स्टेशनावर ते खिडकीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “एक पोर व्हऊ दे. मंग मी येसू.” गाडी सुटली. मी रडत होते, पण मला त्यांचा भरवसा होता.

बोटीतले दिवस मी सांगत नाही, मी पडूनच होते. कोबेला उतरले तेव्हा बंदर दिसलं असणार, पण मला फक्त पायाखाली न हलणारी जमीन दिसली. घर नवऱ्यानं सांगितलं होतं तसंच होतं. खिडकीतून समोरची भिंत आणि तिच्या वर एका डोलकाठीचं टोक दिसायचं. शेजारी एक गुजराती बाई होती, तिच्याकडून मी भाजीवाल्याशी बोलायला शिकले. वीसपर्यंत आकडे, आलं, काकडी, नको, पुरे. हिवाळ्यात बर्फ पडला तेव्हा मी आधी कापूस उडाला समजून गोदामाची दारं पाहायला खाली धावले.

रविवारी नवऱ्याला सुट्टी असायची. तो म्हणायचा, चल, धबधबा पाहून येऊ, लांब नाही, चालत जाता येतं. मी म्हणायचे, आप्पा आल्यावर. डोंगराचंही तेच, देवळाचंही तेच. पाहुण्याच्या आधी आपण पानावर बसत नाही, तसं मला वाटायचं. हे शहर आप्पांचं होतं, मी त्यांच्यासाठी ते झाकून ठेवलं होतं. नवरा आमच्याच मुलखातला, त्यामुळे त्याला हे विचित्र वाटलं तरी कळायचं. दोन-तीनदा विचारून त्यानं सोडून दिलं आणि रविवारी तो शेटजींच्या मुनीमाबरोबर सोंगट्या खेळायला जाऊ लागला.

आप्पांची पत्रं यायची. शाळामास्तरांच्या हातची, शुद्ध मराठीतली. “येथील सर्व क्षेम. धबधब्यास उन्हाळ्यात पाणी असते काय? देवळात नारळ फोडू देतात काय? डोंगरावर म्हाताऱ्या माणसास चढवेल ना?” आणि शेवटी नेहमी, “गोड बातमी असल्यास त्वरित कळविणे, म्हणजे बोटीचे पाहता येईल.” इतर मुलींच्या माहेरची माणसं नातवंडासाठी देवाला नवस बोलतात. माझ्या पोटाकडे माहेरचं सगळं गाव बोटीच्या वेळापत्रकासाठी डोळे लावून बसलं होतं. पहिलं वर्ष मी हसत होते. दुसरं वर्ष गेलं, तेव्हा पत्र आलं की मी ते उघडायच्या आधीच रडायचे. मला मूल हवं होतं, आणि मूल झालं नाही तर आप्पा कधीच येणार नाहीत, या दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या राहिल्या नव्हत्या. गुजराती बाई विचारायची, की रोज का रडतेस? तिला काय सांगणार, की माझ्या बापाला चार दिवस धबधबा पाहायचा आहे?

तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. मला एकच धाकधूक होती, की मुलगी चालेल की मुलगाच हवा. फुईचा निवाडा पुढच्या पत्रानं आला, की मूल ते मूल, आता पाणी चालतं. त्या दिवशी मी पोरीला मांडीवर घेऊन सगळं पत्र तिला वाचून दाखवलं. आप्पांनी लिहिलं होतं, या हंगामाचा कापूस निघाला की निघतो. मी खोली सारवता येत नाही म्हणून तीनदा पुसली. त्यांच्यासाठी नवा पेला आणून ठेवला.

तो हंगाम गेला. पुढच्या पत्रात होतं, पाऊस लांबला, पुढल्या वर्षी. मग लढाईच्या बातम्या येऊ लागल्या. जपानी खरेदीदार आता जिनात येत नाही, असं आप्पांनी लिहिलं. इकडे गोदाम रिकामं होत गेलं, बोटी कमी झाल्या, ओळखीची घरं एकेक करून बंद झाली. शेटजींनी पेढी आवरली आणि आम्हाला एका बोटीवर चढवलं. निघताना मी कठड्याला धरून उभी होते, पोर कडेवर. तेव्हा मात्र बंदर चांगलं दिसलं. त्याच्या मागे डोंगरही होता.

नंदुरबारला आप्पा घ्यायला आले होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी पोरीला माझ्याकडून घेतलं ते गाव येईपर्यंत दिलं नाही. संध्याकाळी ओट्यावर सगळं गाव लोटलं. फुईनं मला पाणी दिलं, आणि आप्पा म्हणाले, “आते सांग. कोबे कसं शे?”

ओटाभर माणसं बसली होती, कितीतरी वर्षं त्या सहा चित्रांकडे बघत आलेली. मला नाही म्हणता आलं नाही. मी सांगत सुटले. बंदर खरं सांगितलं, डोंगर बोटीवरून दिसला तेवढा सांगितला, देवळाला पायऱ्या आणि दीपमाळ दिली. धबधब्याला मात्र मी रंगात आले. पाणी कड्यावरून कसं दोन धारांत पडतं, खाली खोल दरी कशी, सकाळी धुकं कसं वर येतं, आणि काठावर बसून भाकरी खाल्ली तर शिंतोडे कसे उडतात. माणसं खूश होऊन घरी गेली. काका म्हणाले, म्हणजे दगड होते तर तिथं.

ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. पोर आप्पांच्या मांडीवर झोपली होती.

“हाऊ तं तोरणमाळना धबधबा शे,” आप्पा हळूच म्हणाले.

मी म्हणाले, की मी काहीच पाहिलं नाही, आप्पा. धबधबा नाही, देऊळ नाही, बाजारसुद्धा धड नाही. तुमच्यासाठी ठेवलं होतं. तुम्ही आलात की तुमच्याबरोबर पाहायचं होतं.

मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल, की मुलगी देऊनही शहर हाती लागलं नाही. त्यांनी पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. बराच वेळ ते तेच करत होते.

“बेटा, मी येवाव नव्हतूच,” ते म्हणाले. “तुले गाडीवर बसाडं, त्याच साल मी सुरतले जाई वनू. समुद्र दखा. इतलं पाणी. मन्ही छाती नही व्हयनी.”

“मंग ती पत्रं?” मी विचारलं.

“तुले लांब वाटाले नको म्हणीसन.”

म्हणजे नारळ फोडू देतात का, उन्हाळ्यात पाणी असतं का, हे सगळं ते मास्तरांना सांगून लिहून घेत होते तेव्हा त्यांना जायचं नव्हतं. मी पोटाला हात लावून रडत होते तेव्हाही नव्हतं. त्यांनी माझी कीव केली होती, आणि मी ते शहर त्यांच्यासाठी झाकून बसले होते. इतकी वर्षं झाली, आप्पा गेले त्यालाही काळ लोटला, पण त्या संध्याकाळचा राग माझ्या मनातून पुरता गेलेला नाही. त्यांच्यावरची माया तर तेव्हाही गेली नव्हती. दोन्ही एकदम आलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

“आप्पा, एक डाव लिखी देवानं व्हतं,” मी म्हणाले. “मी धबधबा तरी देखी लेती.”